पंप ऐकणाऱ्या ताई

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा ते बरं. शिरोली एमआयडीसीतल्या एका शेतीपंपांच्या कारखान्यात मी तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ उचगावच्या तक्रार ऑफिसात. हार्डवेअरच्या दुकानावरचा मजला, तीन खोल्या, सहा टेबलं, सहा फोन आणि या सगळ्यांचा साहेब मी. शेतकऱ्याचा पंप बिघडला की फोन आमच्याकडं यायचा. मेकॅनिक कुठं पाठवायचा हे ठरवणं माझं काम, आणि मधल्या वेळात मी ओरडायचो. त्यासाठी मला वेगळा पगार नव्हता.

पण हे लिहायला बसलो ते ताईंसाठी. ताई आमच्या तक्रारींच्या मुख्य टेबलावर बसायच्या. माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी लहान, उचगावच्याच, बौद्ध कुटुंबातल्या. वडील आमच्याच फाउंड्रीत साचे भरायला होते. दहावी झाल्यावर ताई कारखान्यात आल्या आणि बारा वर्षं टेस्टिंगच्या हौदापाशी उभ्या राहिल्या. तयार झालेला प्रत्येक पंप तिथं पाण्यावर चालवून बघतात. गेज बघायचं, आकडा लिहायचा, पंप पुढं ढकलायचा. बाकीचे लोक गेज बघायचे. ताई पंप ऐकायच्या. गेजचा काटा हलायच्या आधी त्या पंप बाजूला काढून ठेवत, आणि खोलून बघितला की आत काहीतरी निघायचंच.

पुढं त्या फोनवर आल्या तेव्हा हेच कान घेऊन आल्या. शेतकऱ्याला त्या सांगायच्या, मामा, पंप चालू करा, मोबाइल पंपाजवळ धरा आणि जरा गप्प बसा. मग डोळे मिटून ऐकायच्या. खरखर आली तर बेअरिंग. नुसतंच घुमायला लागला तर एक फेज गेलेला. बुडबुड झाली तर पाइपात हवा शिरलेली. खडी सांडल्यासारखा कडकडला तर विहिरीतल्या जाळीत पालापाचोळा. निम्म्या तक्रारी त्या बसल्या जागी मिटवायच्या, आणि उरलेल्यांसाठी मेकॅनिक नेमका तोच सुटा भाग घेऊन जायचा. शिरोळपासून कागलपर्यंत शेतकऱ्यांना आता सांगावंही लागत नव्हतं. फोन लागला की ते पंपाजवळ मोबाइल धरायचे आणि श्वाससुद्धा हळू घ्यायचे.

मग आमचा कारखाना पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं घेतला. कंपनी वाईट नव्हती, हे मला आजही म्हणायला हवं, जरी तेव्हा मी रोज शिव्या घालत होतो. त्यांनी आमचे जुने टेलिफोन काढले आणि इंटरनेटवर चालणारे फोन बसवले. शेतकऱ्याचा फोन आता आधी पुण्याला जायचा. तिथं त्यांचं एक्स्चेंज होतं. तिथून तो इंटरनेटवरच्या एका बंदिस्त वाटेनं उचगावला यायचा. या वाटेला ते व्हीपीएन म्हणत. रस्ता सगळ्यांचाच, पण आपलं सामान कुलूपबंद पेटीतून जाणार, असं पुण्याच्या इंजिनिअरनं मला समजावलं होतं. तो तिशीतला, फार सभ्य माणूस. मी कितीही चढ्या आवाजात बोललो तरी तो दर वाक्याला सर म्हणायचा, आणि त्यानं माझा राग आणखी वाढायचा.

खरं सांगायचं तर फोन झकास होते. आवाज स्वच्छ, तार कुरतडायला उंदीर नाही, पावसाळ्यात खरखर नाही. मीसुद्धा मनातल्या मनात कौतुक केलं. पण त्या फोनांबरोबर पुण्याहून एक कागदही आला होता. तीन महिने बघू, मग ठरवू, की तक्रारींचं काम उचगावला ठेवायचं की पुण्याच्या कॉल सेंटरात न्यायचं. आम्हा बाकीच्यांना कारखान्यात कुठंतरी जागा मिळाली असती. ताईंना एकच पर्याय होता, पुण्याला जायचं. त्यांचे यजमान उचगाव ते कोल्हापूर रिक्षा चालवायचे, मुलगी बारावीला होती, आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. म्हणजे काम पुण्याला गेलं की ताईंची नोकरी गेली. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात एक चूक झाली. नृसिंहवाडीच्या पलीकडचे एक शेतकरी, उसाला पाणी पाजत होते. पंप कसातरीच आवाज करतोय म्हणाले. ताईंनी नेहमीप्रमाणं मोबाइल पंपाजवळ धरायला सांगितलं. मामा गप्प. ताई डोळे मिटून. सकाळची वेळ, भागात रात्रभर वीज गेलेली, त्यामुळं सगळ्यांच्या तक्रारी एकदम आलेल्या. सहाही फोन वाजत होते. मी माझ्या टेबलावरून ओरडलो. काय ओरडलो ते नंतर येईलच. ताईंनी डोळे उघडले आणि मामांना सांगितलं, चांगला चाललाय, चालू ठेवा. अर्ध्या तासानं मोटर जळली. बेअरिंग जाम झालं होतं.

मामांनी पुण्याला तक्रार केली आणि ती बरोबरच होती. ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. डबा तसाच परत नेला. आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी सोमवारी असते. त्या सोमवारी ताई यजमानांच्या रिक्षातून थेट मामांच्या शेतावर गेल्या. मला हे मंगळवारी कळलं. मी विचारलं, कशाला गेलात, कंपनी मोटर भरून देतीय की. त्या म्हणाल्या, मोटर कंपनी भरून देईल, पण चुकीचं सांगितलं होतं ते मी. मामांनी बांधावर उभं करून त्यांना चांगलं सुनावलं, मग घरी नेऊन चहा पाजला. आमच्याकडं हे दोन्ही एकाच माणसाकडून एकाच तासात होतं.

पण ताईंच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. त्यांनी काहीतरी ऐकलं होतं. अगदी बारीक, मऊ, सारखा सूंऽऽ असा आवाज. शिरोळकडचा कुठलाही पंप इतका मऊ चालत नाही, असं त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, सोडा आता. त्यांनी सोडलं नाही.

उत्तर सापडलं ते एका नवराबायकोच्या भांडणात. हातकणंगल्याकडून फोन होता. नवरा मोबाइल पंपाजवळ धरून उभा आणि शेजारी बायको त्याचा उद्धार करत होती, पंप कुणी बिघडवला यावरून. ताईंना पंपाची खरखर लख्ख ऐकू आली. मग बायको दमली, नवराही गप्प झाला, आणि त्याच क्षणी खरखर गेली. उरला तोच मऊ सूंऽऽ. ताईंनी त्यांना विनंती केली, वहिनी, जरा अजून बोला. वहिनींना काय, तेच पाहिजे होतं. त्या बोलायला लागल्या आणि पंप पुन्हा आला.

ताईंनी फोन ठेवला आणि सरळ पुण्याच्या इंजिनिअरला लावला. मी दुसऱ्या फोनवरून ऐकत होतो. त्या म्हणाल्या, माणूस बोलताना पंप ऐकाय येतोय आणि माणूस गप्प बसला की पंप जातोय, हे कशामुळं. इंजिनिअरनं सेटिंग उघडून बघितलं. मग त्यानं सांगितलं, आणि मला वाटतं त्यालाही ते त्याच क्षणी पुरतं कळलं. उचगावची इंटरनेटची वाट अरुंद, म्हणून त्यानं दुसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला आमच्या फोनांना बचत लावली होती. कुणी बोलत नसेल तेव्हा यंत्र काही पाठवतच नाही. आणि ऐकणाऱ्याला फोन कट झाल्यासारखं वाटू नये म्हणून इकडचा फोन स्वतःच एक मऊ सूंऽऽ वाजवत बसतो. माणसाचा आवाज तो बोलणं समजतो. पंपाचा आवाज त्याच्या लेखी शांतता.

इतकी वर्षं आम्ही शेतकऱ्यांना गप्प बसायला शिकवलं होतं. आणि ते गप्प बसले की हा फोन पंप फेकून देत होता.

इंजिनिअर म्हणाला, बचत काढायला वरची परवानगी लागेल, आणि सहाही फोनांची काढली तर वाट तुंबेल. ताई म्हणाल्या, बघा जमतं का. तोवर त्यांनी आपला मार्ग काढला. आता शेतकऱ्यांना त्या सांगायला लागल्या, मोबाइल पंपाजवळ धरा आणि बोलत राहा. काय बोलायचं, असा प्रश्न पडायचा. कुणी आकडे मोजायचा, कुणी आपल्या जनावरांची नावं घ्यायचा, वाडीकडचे लोक दत्ताचा जप करायचे. एकानं तर भावकीतली सगळी भांडणं पहिल्यापासून सांगितली, आणि पंपाचा दोष कळून गेला तरी थांबेना. त्या बोलण्याच्या मागून ताई पंप वेचून घ्यायच्या. आवाज ठेचकाळत यायचा, अर्धामुर्धा, पण यायचा. मी हे नऊ फुटांवरून बघत होतो. माझ्या आयुष्यात मी कुणाला इतक्या चिकाटीनं ऐकताना पाहिलेलं नाही.

तरी दोष निम्मेच कळायचे. आणि तिसरा महिना संपत आला. पुण्याच्या मॅडम, म्हणजे सगळ्या शाखांचं बघणाऱ्या अधिकारी, मंगळवारी उचगावला येऊन निर्णय सांगणार, असं पत्र आलं. त्याच्या आधीच्या रविवारी, आमचं ऑफिस चालू आणि पुण्याचं बंद, तेव्हा इंजिनिअरचा फोन आला. तो सुट्टीचा एकटा ऑफिसात येऊन बसला होता. ताईंना म्हणाला, तुमच्या एका फोनाची बचत काढतोय, आवाजही न दाबता पूर्ण पाठवतोय. एका फोनाला वाट पुरेल, मी हिशोब केलाय. परवानगीचं मी बघतो. मी त्याला पहिल्यांदाच शांतपणे विचारलं, तुमची नोकरी धोक्यात येईल त्याचं काय. तो म्हणाला, सर, बचत मीच लावली होती. त्या दिवसापासून मी त्याच्यावर ओरडलो नाही.

मंगळवारी मॅडम आल्या. नीटनेटक्या, मोजकं बोलणाऱ्या. चहाला नको म्हणाल्या, पाणी घेतलं, लॅपटॉप उघडला. म्हणाल्या, मला एकच तक्रार समजून घ्यायची आहे. आणि त्यांनी त्या जळलेल्या मोटरच्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. पुण्याच्या एक्स्चेंजात प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो, हे मला ठाऊक होतं, पण आपण काय बोललो ते माणूस विसरतो.

मामांचा आवाज आला. ताईंचा आला, मामा, जरा गप्प बसा. मग शांतता. पंप नाहीच, रेकॉर्डिंगही बचतीतून गाळलेल्याच आवाजाचं होतं. आणि त्या शांततेत एकदम, खणखणीत, माझा आवाज. “ताई, सांगून टाका की काय ते लौकर. रांग लागलीया हितं. एका पंपाला काय दिवस घालवताय?” त्यानंतर एक सेकंद काही नाही. मग ताई, पडलेल्या आवाजात, चांगला चाललाय मामा, चालू ठेवा.

यंत्रानं पंप फेकून दिला होता आणि माझं ओरडणं जपून ठेवलं होतं.

माझे कान गरम झाले. मॅडमनी लॅपटॉप थांबवला आणि म्हणाल्या, फोनच्या सेटिंगचा दोष होता असं आमच्या इंजिनिअरनी लिहून दिलंय. म्हणजे तुमची चूक नाही, असं समजायचं का. हे त्या ताईंना विचारत होत्या. मला हायसं वाटलं. आता ताईंनी नुसतं हो म्हणायचं होतं. फोनचा दोष लागला असता, ताई सुटल्या असत्या, मीही सुटलो असतो.

ताई म्हणाल्या, “न्हाय मॅडम. फोननं मला पंप ऐकवला न्हाय, ते खरं. पण मला पंप ऐकाय आला न्हाय हे मला कळलं होतं. तरी मी चांगला चाललाय म्हणून सांगितलं. ती चूक माझी.”

मला संताप आला, आणि तो कुणावर हेच कळेना. नोकरी वाचत होती ती या बाई हातानं घालवत होत्या. मॅडमनी विचारलं, मागून कोण बोलतंय. मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, ऑफिसात बोलणं चालायचंच, सांगितलं ते मी. तेव्हा मात्र मला माझी लाज वाटली. इतक्या वर्षांत कारखान्यात, घरात, कुठंच मला इतकी लाज वाटली नव्हती. मी म्हटलं, तो आवाज माझा आहे. मी घाई केली म्हणून त्यांनी सांगितलं. नसती केली तर त्यांनी पुन्हा ऐकलं असतं. हे बोलताना माझा आवाज इतका खाली गेला की मॅडमना पुढं वाकावं लागलं.

मॅडम आमच्या दोघांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, मला पंप ऐकवा.

ताईंनी आधी माझ्या फोनवरून, स्पीकर चालू करून, जळलेल्या मोटरच्या त्याच मामांना फोन लावला. ते म्हणाले, “आज परत कसातरीच वाजतोय. ऐका काय ऐकायचं ते.” मामा गप्प बसले आणि खोलीत तो मऊ सूंऽऽ पसरला. मॅडम म्हणाल्या, हा तर छान चालतोय. मग तोच फोन ताईंच्या टेबलावर घेतला, जिथली बचत काढली होती. आणि पंप खोलीत आला. कडकड, कडकड, कुणी घमेल्यातनं खडी ओततंय असा. बाहेरच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. मॅडम खुर्चीत मागं सरकल्या.

ताईंनी डोळे मिटले. मला घाई झाली होती, सवयीनं. मी जीभ दाताखाली धरली. खोलीत पाच माणसं आणि एक पंप, आणि कुणी हलत नव्हतं. ताई किती वेळ ऐकत होत्या सांगता येणार नाही, मला तो फार वाटला. मग त्या म्हणाल्या, मामा, आधी बंद करा. विहिरीत जाळीला पाला अडकलाय, बेअरिंग चांगलं हाय. मामा फोन तसाच ठेवून विहिरीत उतरले. आम्ही सगळे थांबलो, मॅडमसुद्धा. बऱ्याच वेळानं धापा टाकत त्यांचा आवाज आला, “ताई, उसाचं पाचट निघालं बघा, पाटीभर.” पंप पुन्हा सुरू झाला आणि या खेपेला तो खरोखरच चांगला चालला होता. त्याचा आवाज मऊ नव्हता. चांगला पंप कसा वाजतो हे मला त्या दिवशी कळलं, तीस वर्षं पंपाच्या कारखान्यात काढून.

मॅडमनी लॅपटॉप मिटला. इंजिनिअरनं परवानगीशिवाय सेटिंग बदललं ते त्यांना कळलंच होतं. त्याचं मी बघते म्हणाल्या, आणि त्या रागावल्यासारख्या दिसल्या नाहीत. मग ताईंना म्हणाल्या, हा फोन चांगला चालतोय. पण उद्या ही वाट तुंबेल, काहीतरी बिघडेल, आणि तुम्हाला पुन्हा ऐकू येणार नाही. तेव्हा काय कराल.

ताई म्हणाल्या, “ऐकाय येत न्हाय म्हणून सांगीन. माणूस पाठवीन.” मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, कसलाही ताण न ठेवता, आणि म्हणाल्या, “साहेब वरडले तरी.”

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, मग काम इथंच राहू दे. मलाही हसू आलं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही. तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. त्यांनी उचलला, मामा, जरा गप्प बसा म्हणाल्या, आणि त्यांच्याबरोबर मीही गप्प बसलो.